पेन कुणाच्या हातात?

कच्चा_खर्डा:
काल प्रश्नार्थक यांनी लिहिलं, "सहाध्यायींना लेखनात मदत करताना मी पेनाला हात लावत नाही. फक्त प्रश्न विचारतो, उत्तर त्यांचं त्यांना सापडतं." तिथेच चार ओळीत उत्तर देणार होते, मावेना, म्हणून हा धागा.

मीही तीन वर्ष हेच केलं. समोर नाही, शेजारी बसायचं. कागद लिहिणाऱ्याकडे. मोठ्याने वाचायचं तेही त्यानेच. हे सगळं आजही पटतं. वाचताना जीभ अडखळली की वाक्य बिघडलंय हे मला सांगावं लागत नाही. पण एक मुलगी संदर्भ कसे द्यायचे विचारायला आली आणि मी आपलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला वाटत असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते?" त्या दिवसापासून जे येतं ते सरळ सांगते. येत असून विचारत बसायचं हा सोवळेपणा झाला.

प्रश्नार्थक:
संदर्भांची पद्धत मीही सांगतो हो. मी मुद्द्यांबद्दल बोलत होतो. विद्यापीठांतल्या लेखन-मदत केंद्रांबद्दल लिहिणाऱ्या स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ सालीच मांडलंय, आपल्याला लिहिणारा सुधारायचाय, हातातला लेख नाही.

मागचा_बाक:
मग या 'नुसते प्रश्न' पद्धतीवर टीका करणारा शमून आणि बर्न्स यांचा १९९५चा लेखही वाचा. संगीत शिकवणारा वाजवून दाखवतोच, असं त्यांचं म्हणणं. तिथे कुणी 'शिष्याचा सूर चोरला' म्हणत नाही.

ऱ्हस्वदीर्घ:
'चार ओळीत' नाही, 'ओळींत'. अनेकवचन आहे.

कच्चा_खर्डा:
आले! एवढ्या मजकुरात तुम्हाला टिंबच दिसलं?

मागचा_बाक:
अशाच एका मित्राने माझ्या पहिल्या खर्ड्यावर नुसते लाल गोल काढले होते. मला म्हणायचंय काय, हे शेवटपर्यंत विचारलं नाही. त्यानंतर वर्षभर कुणाला काही दाखवलं नाही मी.

ऱ्हस्वदीर्घ:
आणि माझा निबंध एका 'फक्त प्रश्न'वाल्याने वाचला होता. तासभर झकास चर्चा. परीक्षकांनी पहिल्याच पानावर शुद्धलेखनावरून झोडपलं. मित्राला विचारलं तर म्हणे, चुका दिसल्या होत्या, पण सांगणं आमच्या पद्धतीत बसत नाही! तुमची पद्धत, गुण माझे गेले. म्हणून मी सांगतो. व्याकरण-पोलीस म्हणा नाहीतर आणखी काही.

प्रश्नार्थक:
तो तुमचा मित्र चुकला, मान्य. म्हणून पद्धत चुकली असं होत नाही. आधी मुद्दा उभा राहू द्या, टिंबं शेवटी. जो परिच्छेद उद्या उडणारच आहे त्यातले ऱ्हस्व-दीर्घ आज कशाला तपासायचे?

ऱ्हस्वदीर्घ:
शेवटी तरी सांगता ना? मग तक्रार नाही. 'फक्त प्रश्न विचारतो' मधला 'फक्त' तेवढा खोडा.

कच्चा_खर्डा:
संपादन बंद झालंय, 'ओळींत' असं वाचून घ्या. "तुम्हाला काय वाटतं?" विचारलं असतंत तर अजून शोधत बसले असते, एवढं कबूल.

ऱ्हस्वदीर्घ:
आभारी आहे. आता 'तीन वर्ष' बघा.