६० ग्रॅम मध म्हणजे किती 'मोठे चमचे'?

कोरंपान: केकची एक कृती मराठीत उतरवतेय. मुळात '६० ग्रॅम तेल, ६० ग्रॅम मध' आहे. सगळ्यांकडे काटा नसतो म्हणून दोन्हीकडे '४ मोठे चमचे' लिहिलं. बहिणीने करून बघितला, तर वरून करपला आणि आत चिकट. आता ती म्हणते, 'मोठा चमचा' म्हणजे वाढायचा नाही का? टेबलस्पूनला चांगला मराठी शब्द सुचवा.

अर्धीवाटी: शब्द राहू द्या, आधी हिशेब बघा. टेबलस्पून १५ मिलीचा. त्यात पाणी १५ ग्रॅम, तेल जेमतेम १४, मध मात्र २१. म्हणजे ६० ग्रॅम तेलाला ४ टेबलस्पून आणि वर १ टीस्पून. मधाला ३ला थोडे कमीच. तुमच्या ४ चमच्यांत ८५ ग्रॅम मध गेला. करपेल नाही तर काय!

कोरंपान: पण तेल पाण्याहून हलकं कसं? ते तर दाट असतं ना?

जुनंबाड: इथेच आपली भाषा गंडवते. दाट म्हणजे सावकाश ओघळणारं. त्याला पुस्तकी शब्द श्यानता. घनता वेगळी, तेवढ्याच जागेत किती वजन मावतं ती. 'घनदाट' म्हणता म्हणता आपण दोन्ही एकाच पोत्यात भरली. तेल दाट खरं, पण पाण्यावर तरंगतंच की.

तिरपीरेघ: स्वयंपाकघरात श्यानता कोण म्हणतं हो? 'पळीवाढं' असा झकास शब्द असताना? पळीने वाढता येईल इतपत दाट.

अर्धीवाटी: दाट? आमच्याकडे पळीवाढं म्हणजे पातळ! पळीच लागेल, दुसऱ्या कशाने वाढता येणार नाही असं.

जुनंबाड: पळी आली कुठून? संस्कृतात 'पल' हे वजन, ४ कर्षांचं. वजनाचंच पुढे भांडं झालं, असं माझं मत.

तिरपीरेघ: पळ तर वेळेचंही माप आहे, २४ सेकंदांचं. मग पळी घड्याळातून आली म्हणायची का? उच्चार जुळला की व्युत्पत्ती सापडली, असं नसतं.

कोरंपान: अहो, टेबलस्पून!

जुनंबाड: 'मोठा चमचा' मराठी आहे, तोच ठेवा.

अर्धीवाटी: चमचा तरी कुठला मराठी? फारसीतून आलाय, मूळ तुर्की. आणि 'मोठा' म्हणजे केवढा ते कोण ठरवणार? ऑस्ट्रेलियात टेबलस्पूनच २० मिलीचा असतो. आकडा लिहा, शब्द कुठलाही चालेल. काटा असेल तर मधाची बरणीच काट्यावर ठेवा, शून्य करा आणि उणे ६० दिसेपर्यंत काढत राहा. चमच्याला चिकटलेला मध मात्र भांड्यात निपटून घ्या. चमच्याला आधी तेलाचं बोट लावलं तर निपटावाही लागत नाही.

कोरंपान: हे बेस्ट. 'मोठा चमचा (१५ मिली)' लिहिते आणि मध '३ला थोडा कमी'.

जुनंबाड: 'थोडा कमी' म्हणजे किती?

तिरपीरेघ: आत्ता आईला विचारलं. ती म्हणते, पळीवाढं दाट की पातळ हे पळी कुठली त्यावर आहे.