दुकानातील रोजच्या अडचणींसाठी कल्पनाशक्ती कशी वापरावी?

कृष्णाकाठ (सांगली):
नमस्कार. गणपती पेठेजवळ आमचे वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही महापुरांत दुकानात पाणी शिरले. दर पावसाळ्याआधी मी तयारीची यादी करते. पण माल वर चढवणे, वीज बंद करणे, विम्याचे कागद घरी नेणे यापलीकडे नवे काही सुचत नाही. कल्पनाशक्ती केवळ कवी आणि चित्रकारांची मिरासदारी आहे, असे मी मानत नाही. मात्र दुकानदाराने ती रोजच्या व्यवहारात नेमकी कशी उपयोगात आणावी, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

मिरजकर:
ताई, यादी बहुधा आठवणीतून तयार होते, म्हणून ती दरवर्षी तीच राहते. एखाद्या संध्याकाळी दुकान बंद केल्यावर आत खुर्ची टाकून बसा आणि पाणी आत येत आहे, असे डोळ्यांसमोर आणा. सांगलीत कृष्णा नदीवरील आयर्विन पुलाजवळ ४० फुटांवर इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोका पातळी आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेले होते. पातळी एकेक फूट वाढवत न्या आणि प्रत्येक वेळी आपल्या दुकानात आधी कशाला पाणी लागेल, ते पाहा. उंबरा, खालचा खण, गल्ला. भिजलेले कागदाचे गठ्ठे फुगतात आणि खणात असे घट्ट बसतात की पूर ओसरल्यावर कपाटाचे दारही उघडत नाही. हे चित्र एकदा स्पष्ट दिसले की माल कसा चढवायचा हा प्रश्न मागे पडतो आणि मालासकट खणच उचलता येईल का, असे मन विचारू लागते. मला वाटते, उपयोगी कल्पना या दुसऱ्या प्रश्नातून निघतात.

हरिपूरवासी:
मिरजकरांशी मी सहमत आहे. आमच्या गावातील हळदीची पेवे आठवा. हळद साठवायची म्हणजे गोदाम बांधायचे, या विचारात न अडकता कोणीतरी पायाखालच्या जमिनीकडेच कोठार म्हणून पाहिले. तोंड अरुंद आणि पोट रुंद असलेल्या त्या खड्ड्यांत हवा जवळजवळ नसल्यामुळे हळदीला कीड लागत नसे. पेव उघडल्यावरही आत उतरण्यापूर्वी काही तास थांबावे लागे, कारण आत प्राणवायू कमी असतो. हीच जमीन २००५ च्या पुरात मात्र घातक ठरली आणि अनेक पेवे निकामी झाली. म्हणून कल्पना सुचल्यावर ती कोणत्या परिस्थितीत फसेल, याचीही कल्पना करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

वाळवेकर:
माझा एक आक्षेप आहे. बसल्या जागी सुचलेल्या कल्पना पुष्कळदा खर्चिक निघतात. त्यामुळे त्यांना अट घालून पाहावी: नवीन काही विकत न घेता, दोन माणसांनी, वीज नसताना हे काम कसे होईल? अशी अट मनाला अडवत नाही, उलट त्याला दिशा देते. शिवाय दुकानात नेहमी येणाऱ्या शाळकरी मुलांनाही विचारून पाहा, कारण वस्तू ठरलेल्या जागीच ठेवायची असते, हे त्यांना अजून माहीत नसते.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री दुकानात बसून पाणी मनातल्या मनात वाढवत नेले. गल्ल्यापर्यंत पोहोचल्यावर लक्षात आले की माल चढवण्यात वेळ जातो तो वजनामुळे नव्हे, तर माळ्याच्या जिन्यावरील वळणामुळे. तिथे प्रत्येक गठ्ठा आडवा करून न्यावा लागतो. आता या वळणातून सरळ जातील अशा मापाचे, मालासकट उचलता येणारे खण घरातील जुन्या फळ्यांपासून करून घ्यावेत असे मनात आहे. वह्यांचे वजन पेलण्यासाठी अशा खणाला तळाशी किती जाड फळी लागेल आणि मूठ कुठे बसवावी, हे सुतारकाम जाणणाऱ्या कोणी सांगू शकेल का?