पेशीजीवशास्त्रात बीएस्सी : घातलेला पैसा निघतो का? (सोलापूर)

होटगीरोड_पालक

मुलगी यंदा बारावी झाली. पीसीबी, गणित अकरावीलाच सोडलेलं. मेडिकलला जायचं नाही, पेशीजीवशास्त्रच शिकायचंय हे तिचं पक्कं आहे. समोर दोन वाटा आहेत. एक, पुण्यात खासगी विद्यापीठात ‘सेल अँड मॉलिक्युलर बायोलॉजी’ची बीएस्सी, फी आणि राहणं-खाणं धरून वर्षाला २ लाखांच्या आसपास. त्यासाठी ४ लाख शैक्षणिक कर्ज काढावं लागेल. दुसरी, घरून जाऊन-येऊन सोलापुरातच मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक. आवडीबद्दल घरात वाद नाही. फक्त पैशाच्या बाजूने कोणी नीट मांडून दाखवेल का?

आकडेमोड_४१३००१

दादा, फी हा खर्चाचा निम्माच भाग. ती तीन वर्षं कमावणार नाही, तेही खर्चातच धरा. खालचे आकडे पद्धत कळावी म्हणून धरलेत, तुमचे तुम्ही घाला.

बारावीवर काम धरलं असतं तर महिना १०,००० मिळाले असते असं समजू. तीन वर्षांचे ३.६ लाख झाले. सोलापुरात फी, प्रॅक्टिकल आणि येणं-जाणं मिळून वर्षाला ४५,०००, म्हणजे १.३५ लाख. एकूण ४.९५ लाख. पुण्यात ६ अधिक ३.६, एकूण ९.६ लाख.

आता मिळकत. नुसत्या बीएस्सीवर सुरुवात १६,०००, आणि बारावीवर लागलेली मुलगी तोवर १४,००० वर पोचलेली. फरक महिना २,०००, वर्षाला २४,०००. या दराने सोलापूरचा खर्च भरून यायला वीस वर्षं, पुण्याचा चाळीस. पुढे पगार वाढतील, फरकही वाढेल, पण बीएस्सीवर थांबलं तर हिशेब तंगच राहतो.

एमएस्सी जोडली की चित्र बदलतं. बाहेरगावी दोन वर्षांचं राहणं २.४ लाख, फी १ लाख, बुडालेला पगार ३.३६ लाख. सोलापूरच्या ४.९५ मध्ये हे मिळवा, ११.७१ लाख. एमएस्सीनंतर २८,००० आणि बारावीवाली १६,००० धरली तर फरक वर्षाला १.४४ लाख. साधारण आठ वर्षांत वसूल.

कर्जाकडे मात्र नीट बघा. अभ्यासक्रम अधिक एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या उचलीपासून चढतं. ४ लाख तीन सारख्या हप्त्यांत उचलले, दर १० टक्के सरळ, तर हप्ता सुरू व्हायच्या दिवशी डोक्यावर ५.२ लाख असतात. दहा वर्षांची फेड धरली तर महिना सुमारे ६,८७०. पुण्यात २०,००० ची नोकरी लागली, कॉट, मेस, प्रवास, फोन यात १२,००० गेले, उरले ८,०००. हप्ता गेल्यावर हातात हजार-अकराशे. आणि एमएस्सीला गेली तर हप्ता पुढे ढकलून मिळतो का, हे शाखेत आधीच लेखी विचारून ठेवा. बहुतेक घरांची अडचण तिथेच होते.

चिंचोली_क्यूसी

वरचा हिशेब बरोबर आहे. पण त्यातला पगाराचा आकडा पदवीच्या नावावर हलतो, आणि हे प्रवेशाच्या वेळी कोणी बघत नाही.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचं पद घ्या. केंद्राच्या २०११ च्या नियमांत पात्र पदव्यांची यादीच दिली आहे : फूड टेक्नॉलॉजी, डेअरी टेक्नॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, ऑइल टेक्नॉलॉजी, कृषी, पशुवैद्यक, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, रसायनशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, वैद्यक. त्यात ‘सेल बायोलॉजी’ नाही. अभ्यास तोच केलेला असला तरी अर्ज छाननीत अडकू शकतो.

औषध कंपन्यांचंही तेच. पाण्याची तपासणी, बायोबर्डन (मालात किती जिवाणू आहेत ते मोजणं), एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या विषारी अंशाची चाचणी), स्वच्छ खोल्यांचं मॉनिटरिंग ही कामं ज्या विभागात होतात त्याचं नावच मायक्रोबायोलॉजी, जाहिरातही त्याच नावाने निघते. उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तांत्रिक माणसासाठी औषध नियमावली फार्मसीची पदवी किंवा रसायनशास्त्र मुख्य विषय असलेली विज्ञान पदवी मागते, वर अनुभव. म्हणून माझं ठाम मत : गुणपत्रिकेवर मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्री हे नाव असू द्या, आणि जोडविषय निवडायचा झाला तर रसायनशास्त्र. पेशीजीवशास्त्राचे पेपर त्यात येतातच.

चिंचोली एमआयडीसीत रसायनं आणि बल्क ड्रग (औषधांचा कच्चा माल) जास्त, पेशी वाढवणारे कारखाने नाहीत. ते काम पुण्याकडे, मांजरी आणि हिंजवडीच्या लस कंपन्यांत. आपल्या जिल्ह्यात जीवशास्त्राला थेट गिऱ्हाईक दोन ठिकाणी. एक डाळिंब : केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, आणि ऊतीसंवर्धित (झाडाच्या तुकड्यापासून लॅबमध्ये वाढवलेल्या) रोपांना मागणी असते. दुसरं साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या. त्यांच्यासाठी मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये किण्वन आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, तिथेही रसायनशास्त्र उपयोगी पडतं.

शहरात दवाखाने खूप म्हणून पॅथॉलॉजी लॅबचा विचार मनात येईल. त्याला डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) वेगळं करावं लागतं, नुसती बीएस्सी चालत नाही, आणि रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरचीच लागते. आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) केंद्रातही २०२१ च्या कायद्यानंतर एम्ब्रिऑलॉजिस्टला (लॅबमध्ये गर्भ हाताळणाऱ्याला) पदव्युत्तर शिक्षण लागतं.

ट्रिप्सिन_०२५

कॉलेज निवडताना माहितीपुस्तिका बाजूला ठेवा आणि लॅब बघायला जा. सीओटू इन्क्युबेटर (पेशी वाढवायचं उबदार कपाट, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात) असेल तर सिलिंडरचा गेज बघा. काटा शून्यावर असेल तर ते कपाट शोभेचं आहे. आत फ्लास्क असतील तर माध्यमाचा (पेशी ज्यात वाढतात त्या द्रवाचा) रंग बघा : लालसर गुलाबी म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे जिवाणू शिरलेत किंवा पेशी दाटल्यात, जांभळट म्हणजे सीओटू पुरत नाही. काम आडव्या लॅमिनार फ्लोमध्ये (गाळलेली हवा सोडणाऱ्या टेबलावर) चालत असेल तर तिथे वनस्पतींचं ऊतीसंवर्धन शिकता येईल, माणसाच्या पेशींचं नाही, कारण त्यातली हवा थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. माणसाच्या पेशींसाठी क्लास टू कॅबिनेट (काम करणाऱ्यालाही जपणारं बंदिस्त टेबल) लागतं.

एवढा आग्रह का, तर मुलाखतीत हेच विचारतात. हमखास प्रश्न हिमोसायटोमीटरचा (पेशी मोजायची चौकोन आखलेली काच). चार कोपऱ्यांच्या चौकोनांत मिळून २०० जिवंत पेशी मोजल्या, ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशी निळ्या करणारा रंग) समप्रमाणात घातला होता, तर दर मिलिलिटरला किती? सरासरी ५०, पातळ केल्याचे दुप्पट १००, गुणिले १०,०००, म्हणजे १० लाख. हे पाठ करून सांगता येतं. पुढचा प्रश्न असतो की आकडा चुकतो कुठे, आणि त्याचं उत्तर हात लावलेल्यालाच येतं : कव्हरस्लिपखाली बुडबुडा राहिला, पेशींचे गठ्ठे सुटले नाहीत, रेषेवरच्या पेशी दोन्हीकडून मोजल्या, किंवा रंग घालून फार वेळ ठेवलं आणि चांगल्या पेशीही निळ्या झाल्या. हे येणारी मुलगी आणि न येणारी मुलगी यांची पदवी एकच असते, ऑफर वेगळी.

कॉलेजात सोय नसेल तर दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात दोन महिने चालू लॅबमध्ये प्रोजेक्ट मिळवा. मोठी रक्कम घेऊन प्रमाणपत्र देणाऱ्या पंधरा दिवसांच्या ‘ट्रेनिंग’ला पैसे घालू नका. तिथे एका फ्लास्कभोवती घोळका असतो.

होटगीरोड_पालक

सगळ्यांचे आभार. म्हणजे सोलापुरात मायक्रोबायोलॉजी आणि पुढे एमएस्सी, असा कल होतोय. एमएस्सीचा खर्च खाली आणता येतो का?

आकडेमोड_४१३००१

येतो, आणि सुरुवात आतापासूनच होते. प्रवेश घेताना तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित हे कार्यालयात विचारा. एकाच कॉलेजात मायक्रोबायोलॉजी अनुदानित आणि बायोटेक विनाअनुदानित असू शकतं, फीत मोठा फरक पडतो. महाडीबीटीवर (राज्याचं शिष्यवृत्ती पोर्टल) शिक्षण शुल्काच्या योजना बघा, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. बोर्डात वरच्या १ टक्क्यात असेल तर इन्स्पायर (केंद्राची विज्ञान शिष्यवृत्ती) आहे : वर्षाला ८०,०००, त्यातले ६०,००० रोख आणि २०,००० उन्हाळी प्रोजेक्टसाठी. त्याच्या विषययादीत मायक्रोबायोलॉजी आणि बायोकेमिस्ट्री आहेत, बायोटेक नाही.

ट्रिप्सिन_०२५

एमएस्सीसाठी दोन प्रवेश परीक्षा धरा, बायोटेकची गॅट-बी आणि आयआयटींची जॅम. गॅट-बीमधून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या अनुदानित जागा मिळतात आणि एमएस्सी बायोटेकला महिना ५,००० विद्यावेतन असतं. तुमच्या मुलीसाठी अडचण गणिताची आहे. गॅट-बीच्या पहिल्या भागातले ६० प्रश्न सक्तीचे, बारावीच्या पातळीचे, आणि त्यात भौतिक, रसायन, जीवशास्त्राबरोबर गणितही येतं. जॅमच्या बायोटेक पेपरलाही बारावीचं गणित आहे. तेव्हा पहिल्या वर्षापासून आठवड्याला तीन-चार तास बाजूला काढा : लॉगरिदम, संभाव्यता, मॅट्रिक्स, सोपं कॅल्क्युलस. तिसऱ्या वर्षी प्रॅक्टिकल, प्रोजेक्ट आणि परीक्षा एकदम अंगावर येतात, तेव्हा गणित नव्याने उभं करायला वेळ नसतो.

एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,०००, मग ४२,०००, वर नियमाने घरभाडं. दोन वर्षांचेच ८.८८ लाख होतात. आकडेमोड यांच्या ११.७१ लाखांशेजारी ते ठेवून बघा. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी केली तर नेट आणि पीएचडीला एमएस्सीशिवायही बसता येतं. पण चौथ्या वर्षाची संशोधनाची सोय कॉलेजात खरोखर आहे का, ते लॅब बघायला जाल तेव्हाच विचारा. जॅमचा अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरतात, परीक्षा फेब्रुवारीत, आणि तिसऱ्या वर्षात शिकत असतानाच देता येते.