फोटोचं वर्णन लिहिल्याशिवाय पान प्रकाशित होऊच नये

खाडीकाठ:
वेबसाइटवर मजकूर चढवायच्या सॉफ्टवेअरने फोटोचं वर्णन, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, सक्तीचं करावं. देवगडच्या एका बागायतदारांची वेबसाइट मी सांभाळतो. गेल्या सीझनला पेटीचे दर मी चित्र करून, वर्णन न देता टाकले. पुण्याहून एका अंध गिऱ्हाइकाचा फोन आला, "पान दोनदा ऐकलं, दर कुठेच येत नाहीत." चूक माझी, पण त्या सॉफ्टवेअरने, म्हणजे एडिटरने, एकदाही विचारलं नव्हतं. वेबसाइट बनवायच्या ड्रुपल या सॉफ्टवेअरच्या ८व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, चित्राच्या रकान्यात ऑल्ट मुळातच सक्तीचं आहे. बाकीच्यांना काय अडतं?

गुहागरी:
सक्तीला माझा विरोध. आमच्या वाडीतल्या होमस्टेवाल्या काकू रेंज मिळेल तेवढ्या वेळात मोबाइलवरून वीस फोटो चढवतात. अडवलंत तर प्रत्येकाखाली 'फोटो' लिहून मोकळ्या होतील. आठवण करा, दार बंद करू नका.

समुद्रगाज:
मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकूनच वाचते. वीस वेळा 'फोटो' ऐकण्यापेक्षा रिकामं ऑल्ट बरं. ते मुद्दाम रिकामं ठेवलं की एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर चित्र गाळून पुढे जातो. म्हणून 'चित्र केवळ शोभेचं' अशी खूण करायची सोय हवी.

पण तुम्ही दोघंही वाचणाऱ्यांचंच बोलताय. मला लिहायचंही असतं! मालवणात एका संस्थेचं पान भरायला घेतलं, तर चित्र माउसने ओढल्याशिवाय जागेवर बसेना. कीबोर्डने काही हलत नव्हतं. शेवटी भावाला बसवलं. वेबचे निकष ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची, एडिटर बनवणाऱ्यांसाठीची एटॅग २.० ही मार्गदर्शक तत्त्वं २०१५ चीच. एडिटर अपंग व्यक्तीला स्वतः चालवता यावा, हा त्यांचा पहिलाच भाग आहे. ऑल्टसाठी लेखकाला मदत करणं दुसऱ्या भागात येतं.

गुहागरी:
कीबोर्डचं शंभर टक्के मान्य, तिथे सक्ती सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांवर करा. काकूंवर नको.

खाडीकाठ:
सीझनात फोन थांबत नाहीत, नुसती आठवण मी बंद करून पुढे गेलो असतो. वर्णन किंवा शोभेची खूण, एक तरी करायलाच लावा.

गुहागरी:
मग काकू सगळ्यांवर शोभेचीच खूण करतील.

समुद्रगाज:
समुद्राच्या फोटोंवर करू देत. दर, जेवणाच्या थाळीची किंमत, बोटीच्या वेळा मात्र चित्रात नकोतच, त्या मजकुरात लिहा.

खाडीकाठ:
दरांचा तक्ता आत्ताच मजकुरात टाकलाय. सवडीने एकदा ऐकून सांगाल का, डझन आणि पेटीचे रकाने नीट कळतात का ते?