वॉल्व्ह अँपचं घुमणं किती चालवून घ्यायचं?

उदगीरचा कानसेन
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांमागं एक जुना वॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा अँप घेतलाय, एका चॅनेलला आउटपुटचा वॉल्व्ह एकच ईएल८४, त्याच्या आधी ईसीसी८३, म्हणजे पाचेक वॅटच्या वर काही निघत नसंल. पण गाणं लई गोड वाजायलंय, माणसाचा आवाज तर समोर बसून गायल्यागत. तक्रार एकच, रात्री पंखा बंद केला की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज यायलाय, वॉल्यूम शून्यावर नेला तरी तेवढाच. लाइट गेली आन इन्व्हर्टरवर आलं की त्यात खरखर पण मिसळती. बायको म्हणती फ्रीज चालू हाय का बघा. विकणारा म्हणला वॉल्व्हला एवढं असतंयच. खरंय का?

परभणीचा रेडिओवाला
निम्मं खरं. वॉल्व्हची थोडी सूं असतीच, पण ती कान स्पीकरला लावल्यावर ऐकू यावी, खाटेवर पडून नाही. वॉल्यूम शून्यावर पण तेवढंच म्हणजे बाहेरून काही येईना, दोष अँपच्या आतच. आपली लाइट ५० हर्ट्झची, रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणारा भाग) निघाली की लाट १०० ची होती, ती गिळायचं काम फिल्टर कंडेन्सरचं. जुने कंडेन्सर वॉल्व्हच्या धगीनं आतून वाळून जातेत, त्यात आपला मे महिना. आधी ते बदला. नुसती ५० ची जाड घुम असली तर फिलामेंटच्या (वॉल्व्ह आतून तापवणारी तार) ६.३ व्होल्टच्या वायरी बघा, एकमेकीला पीळ घातलेल्या पाहिजेत.
हात घालताना जपून राव, आत २५०-३०० व्होल्ट डीसी असतंय आन स्विच बंद केल्यावरही कंडेन्सरमधी बसून राहतंय. रेझिस्टर लावून उतरवा, मीटरनं बघा, मग बोट. आन स्पीकर काढून अँप चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातंय.

नांदेडचा वायरमन
अर्थिंग बघितली का भाऊ? आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळती, खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच. दोन बादल्या पाणी ओता.

परभणीचा रेडिओवाला
पाणी ओताच, शॉक वाचंल. पण ह्या घुमण्याला त्यानं फरक पडायचा नाही. हां, लॅपटॉप चार्जरला लावून त्याच्यातून गाणं वाजवत असाल आन तेव्हाच घुमत असंल तर ती ग्राउंड लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडून झालेलं वेटोळं, चार्जर काढून बघा. अँपची अर्थ पिन मात्र कुणी म्हणलं तरी तोडू नका, लोकं तोडतेत म्हणून सांगायलोय.

तबल्याचा नाद
मी मेकॅनिक नाही, नुसता ऐकणारा. पण तानपुरा लावून बघा, मजा कळंल. काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) गाणारा असला तर त्याचा खालचा पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास, आन तुमची घुम १०० ची, म्हणजे मागं कुणीतरी उतरलेला पंचम धरून बसलंय! फिल्मी गाण्यात ढोलक-व्हायोलिनखाली दबून जातंय, आलापीत मात्र कान किटतेत. माझ्याकडं असंच होतं, मला कैक दिवस वाटायचं तानपुराच नीट लावला नाही. सूं चं तसं नाही, तिला सूर नसतो, पावसागत मागं राहती.

उदगीरचा कानसेन
दादा, कंडेन्सर बदलले. गावातल्या एका जुन्या मिस्त्रीकडून, मी नुसता टॉर्च धरून उभा. दोन तर फुगलेले निघाले. स्पीकरमधली घुम गेली, इन्व्हर्टरवर खरखर हाय थोडी, पण तो इन्व्हर्टर चौकोनी वेव्हचा, त्याला काय बोलणार. तानपुऱ्याचं पण ऐकून बघितलं, जोडीच्या तारा आता सुट्ट्या ऐकू यायल्यात, आधी सगळा एकच गोळा होता. राहिली ती ट्रान्सफॉर्मरची गुणगुण, ती स्पीकरमधून नाही, डब्यातूनच येती, रात्री व्होल्टेज २५० ला टेकलं की वाढती. खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातलेत. बायको म्हणती आता खरंच फ्रीजचा आवाज मोठा हाय.