कॉलेज बास्केटबॉलमधले रेफरी पैशांमुळे झुकतात का?

कोर्टसाइड: एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, तिच्या पुरुषांच्या टूर्नामेंटमध्ये फायनल सोडून प्रत्येक मॅचमागे टीमच्या कॉन्फरन्सला, म्हणजे ती ज्या कॉलेजांच्या गटात खेळते त्या गटाला, एक 'युनिट' म्हणजे पैशांचा एक वाटा मिळतो, त्याचे सहा वर्षांत मिळून साधारण 20 लाख डॉलर होतात. म्हणजे शेवटच्या मिनिटातल्या एका फाउलवर केवढं अवलंबून आहे बघा. मग रेफरीवर काहीच परिणाम होत नसेल? लाच म्हणत नाहीये मी, नकळत तरी?

तिसरी_शिट्टी: माझ्या मते युनिटचे पैसे रेफरीच्या डोक्यातही नसतात, त्याला त्यातलं काही मिळत नाही. खरी गोम नेमणुकीत आहे. हे लोक पगारी नोकर नाहीत, मॅचमागे मानधन घेतात, आणि रेग्युलर सीझनमध्ये कुणाला किती आणि कुठल्या मॅच द्यायच्या ते कॉन्फरन्सचा कोऑर्डिनेटर ठरवतो. आता बड्या कॉलेजने छोट्या टीमला पैसे देऊन आपल्या कोर्टवर खेळायला बोलावलं की रेफरी बहुतेक वेळा त्या बड्या टीमच्या कॉन्फरन्सकडूनच येतात, मग पुढच्या महिन्याचं काम ज्याच्या हातात आहे त्याला नाराज करायचं नाही हे कुणी सांगावं लागत नाही, ते आपोआप अंगात भिनतं.

कोर्टसाइड: पण याचं कधी काही बाहेर आलंय का?

तिसरी_शिट्टी: 2013 चं पॅक-12 या कॉन्फरन्सचं प्रकरण बघ. एड रश हे तेव्हा तिथले रेफरींचे प्रमुख. अॅरिझोनाचे कोच शॉन मिलर यांना टेक्निकल फाउल (गैरवर्तनासाठीचा फाउल, त्यावर समोरच्या टीमला फ्री थ्रो मिळतात) दिला तर 5,000 डॉलर किंवा कॅनकूनची ट्रिप, असं ते रेफरींना बोलल्याची बातमी आली. नंतर पॅक-12 च्या टूर्नामेंटमध्ये यूसीएलए या कॉलेजविरुद्धच्या सेमीफायनलला मिलरला खरंच टेक्निकल मिळाला आणि अॅरिझोना दोनच पॉइंटने हरली. कॉन्फरन्सचं म्हणणं, ते गमतीत बोलले होते. रशनी राजीनामा दिला. अहो पण काम वाटणारा माणूस असं बोलला तर समोरच्याने ते गंमत म्हणून कसं सोडायचं?

बेंचवरून: सगळंच पैशांवर ढकलू नका. एका टीमचे फाउल जास्त झाले की पुढचा फाउल दुसऱ्या टीमवर लागायची शक्यता वाढते, हे कॉलेज मॅचच्या अभ्यासात दिसलंय, 2009 ला छापून आलंय. त्यात घरच्या टीमला फायदा मिळतो तोही दिसला. प्रेक्षक ओरडत असतात, माणूसच आहे तो.

तिसरी_शिट्टी: मान्य, पण प्रेक्षकांना घरी बसवता येत नाही, नेमणूक मात्र कॉन्फरन्सकडून काढून एका स्वतंत्र मंडळाकडे देता येते. 2018 नंतर अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत खेळांवरचं बेटिंग कायदेशीर झालंय, आता तर हे व्हायलाच हवं.