जीपच्या हादऱ्यांनी रायफलच्या दुर्बिणीचा झिरो हलतो का?

पांदणवाला (वणी तालुका)

माझ्याकडे पीक संरक्षणासाठी परवान्याची .315 बोअरची रायफल आहे. गेल्या वर्षी एका बंदूक-कारागिराकडून तिच्या बाजूला पट्टी बसवून चारपट दुर्बीण लावून घेतली. रायफल क्लबच्या रेंजवर 50 मीटरवर झिरो केला, म्हणजे दुर्बिणीतला नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवून घेतली, तेव्हा तीन गोळ्या तीन सेंटिमीटरांच्या आत पडल्या होत्या. त्यानंतर तुरीच्या जागलीसाठी ती पंधरा-वीस दिवस जीपमधून नेत-आणत होतो. गावापासून शेतापर्यंतच्या रस्त्यात शेवटचे चार किलोमीटर पांदण आहे, आणि पावसाळ्यात ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या काळ्या मातीत वाळल्यावर कशा दगडासारख्या होतात, हे येथील कोणाला सांगायला नको. रायफल रिकामी करून, कापडी खोळीत घालून मागच्या बाकाखाली आडवी ठेवत असे.

गेल्या रविवारी रेंजवर पाहिले, तर गोळ्यांचा मध्य आठ सेंटिमीटर उजवीकडे सरकलेला होता आणि तीन गोळ्याही सात सेंटिमीटरांत पसरलेल्या होत्या. रानडुकरासाठी वनविभागाची परवानगी हाती आहे, पण अशा नेमावर मी गोळी झाडणार नाही, कारण जखमी डुक्कर शेजारच्या पऱ्हाटीत दबा धरून बसले, तर सकाळी वेचणीला येणाऱ्या बायांच्या जिवावर बेतेल. काडतुसे मोजकीच मिळतात. दुर्बीण बदलावी की आधी आणखी काही तपासावे?

बुलडाणेकर

दुर्बिणीची नेम सरकवणारी फिरकी पाव मिनिटाच्या (येथे मिनिट म्हणजे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग) क्लिकने फिरत असेल, तर 50 मीटरवर एका क्लिकने गोळी साधारण 3.6 मिलिमीटर सरकते. बावीस क्लिक डावीकडे फिरवा आणि विषय संपवा.

लेथवाला (अमरावती)

बुलडाणेकरांचे गणित बरोबर आहे, परंतु या दुखण्यावर ते औषध नव्हे. तिन्ही गोळ्या पूर्वीसारख्याच एकत्र राहून आठ सेंटिमीटर सरकल्या असत्या, तर काहीतरी एकदा हलून पुन्हा घट्ट बसले असे मानता आले असते. येथे गोळ्यांचा पसाराच दुपटीहून अधिक झाला आहे, म्हणजे काहीतरी अजूनही सैल असून प्रत्येक गोळीला आपली जागा बदलत आहे. अशा वेळी क्लिक फिरवले, तर काडतुसे संपतील आणि रायफल होती तेथेच राहील.

माझा पहिला संशय पट्टीवर आहे, दुर्बिणीवर नाही. दुर्बीण पट्टीवर धरणाऱ्या दोन कड्यांमध्ये दहा सेंटिमीटर अंतर धरले आणि त्यातले एक टोक 0.1 मिलिमीटर, म्हणजे साधारण एका कागदाच्या जाडीएवढे, बाजूला सरकले, तर 50 मीटरवर गोळी पाच सेंटिमीटर चुकते. एवढी हालचाल डोळ्यांना दिसत नाही. शिवाय स्क्रू सैल होतो तो मुख्यतः आडव्या थरथरीने, त्याच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या ओढीने तितका नाही. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्येच प्रयोग करून हे दाखवले होते. बाकाखाली आडवी पडलेली रायफल चार किलोमीटर खडखडत जाते, तेव्हा पट्टीच्या स्क्रूंना नेमकी हीच थरथर मिळते. गोळीचा धक्का जोराचा असला तरी क्षणभराचा असतो. पांदण मात्र अर्धा तास हादरवते.

पट्टीचे सगळे स्क्रू काढून आटे ॲसिटोनने पुसून काढा. बहुतेक कारागीर गंज येऊ नये म्हणून तेथे तेल सोडतात, आणि त्या तेलामुळेच स्क्रू निसटतात. आटे कोरडे झाल्यावर निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एकेक थेंब लावा. लाल लावू नका, नाहीतर पुढे उघडताना स्क्रूचे डोके तुटेल. कड्यांचे स्क्रू दोन न्यूटन-मीटरच्या आसपास, आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, कारण जास्त आवळले तर दुर्बिणीची नळी चेपते आणि मग दोष खरोखरच दुर्बिणीत शिरतो. शेवटी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून पट्टीवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. ती तुटलेली दिसली, की काडतूस न उडवताही दोष कळतो.

निवृत्त हवालदार (कामठी)

लेथवाल्यांच्या सांगण्यात लाकडाची भर घालतो. .315 ची घडण ली-एनफिल्डची असल्यामुळे तिचा दस्ता आणि पुढचे लाकूड असे दोन वेगळे तुकडे असतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि पुढचे लाकूड बॉडीला (नळी जिथे बसते त्या लोखंडी सांगाड्याला) घट्ट टेकले नाही, तर दुर्बीण कितीही पक्की असली तरी नेम भटकतो. दुर्बीण न हलवता एका हाताने दस्ता आणि दुसऱ्याने बॉडी धरून पिळून पाहा. सूक्ष्म टकटक जाणवली, तर दोष तेथेही आहे. मात्र दस्त्याचा लांब बोल्ट आवळण्याआधी पुढचे लाकूड उतरवावेच लागते. जुन्या लष्करी घडणीत त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडात अडकलेले असते आणि तसेच फिरवले तर लाकूड चिरते. हे काम कारागिराकडूनच करून घ्यावे.

नेण्या-आणण्याबद्दल सांगायचे, तर दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश नेमबाजांची नंबर 4 (टी) रायफल लाकडी पेटीतून नेत आणि तिची दुर्बीण काढून लोखंडी डब्यात वेगळी ठेवत. आपल्या पट्टीला ती सोय नसेल, तर निदान दुर्बिणीवर रायफलचा भार येणार नाही असा जाड फोम पेटीत कापून घ्या आणि ती पेटी मागच्या बाकाखाली न ठेवता पुढच्या बाकावर पट्ट्याने बांधा. मागच्या चाकांच्या स्प्रिंग-पाट्यांच्या अगदी वर बसणाऱ्याला खड्डा किती लागतो, हे जीपमध्ये बसलेल्या प्रत्येकाला माहीत असते.

पांदणवाला (वणी तालुका)

सर्वांचे आभार. स्क्रू उघडायला बसलो, तेव्हा पट्टीचा पुढचा स्क्रू एलन कीला जोर न लावताच अर्धा फेरा फिरला आणि त्याच्या आट्यांतून तेलकट काळा चिखल निघाला. मागचे दोन घट्ट होते. पुसून, थ्रेडलॉकर लावून एक दिवस तसेच ठेवले आणि मग रेंजवर गेलो. तीन गोळ्या साडेतीन सेंटिमीटरांत आल्या. मध्य थोडा डावीकडे होता, तो तीन क्लिकमध्ये जागेवर आणला. म्हणजे बुलडाणेकरांचा सल्लाही शेवटी कामी आलाच. त्यानंतर फोमच्या पेटीतून पांदणीच्या चार फेऱ्या झाल्या असून नेलपॉलिशच्या रेघा अजून अखंड आहेत.

दस्ता पिळून पाहिला. टकटक नाही, पण लाकूड अजून हिवाळ्याचे आहे. चैत्रात पुन्हा पाहीन आणि येथेच कळवीन.